सांगानेरचा कागद आणि नागरीचा टंक

लेखनसाधनांचा इतिहास हा वाङ्मयेतिहासाचा उपेक्षित भाग होय. ग्रंथकाराची लेखणी कोणती, कागद कोणता, हा प्रश्न आपल्याकडे चरित्रातील कुतूहलापुरताच उरतो. वस्तुतः साधन लिपीला वळण लावते आणि प्रसंगी तिला वाकवितेही. हा व्यवहार पाहावयाचा, तर जयपूरच्या दक्षिणेस असलेल्या सांगानेरपासून आरंभ करणे इष्ट ठरेल.

सांगानेरात कागजी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातकागद केला. चिंध्या कुटून लगदा करावयाचा, तो चौकटीवर उचलून वाळवावयाचा, खळ लावावयाची आणि गुळगुळीत दगडाने घोटावयाचे, ही त्याची रीत. असाच कागद आपल्याकडे जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात होत असे. घोटण्याचे प्रयोजन एकच : लेखणी अडखळू नये, शाई फुटू नये. येथे कागद लेखणीची सेवा करीत होता. अक्षराचे वळण लिहिणाऱ्याच्या मनगटात राहत होते.

टंकलेखन यंत्राने हे नाते उलटे केले. १८७४ साली रेमिंग्टनने विक्रीस आणलेले यंत्र केवळ मोठ्या रोमन अक्षरांचे होते. सव्वीस अक्षरांच्या लिपीसाठी जन्मलेल्या या सांगाड्यात नागरी बसवावयाची, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस कळांत, प्रत्येकीवर दोन या हिशेबाने, स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे, अंक आणि विरामचिन्हे कोंबावयाची. रचनाकारांनी आधार घेतला तो कान्याचा. भ, ध, ण, श यांसारख्या अक्षरांचे अर्धे रूप तेवढे कळीवर ठेवले. पुढे काना ठोकला की अक्षर पुरे. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा दाबल्या असता गाडा पुढे सरकत नाही. त्यामुळे ते चिन्ह आधीच्या अक्षरालाच बिलगते. ऱ्हस्व इकार उच्चारात मागून येतो, पण यंत्रावर आधी ठोकावा लागतो. रफाराचे नेमके उलट. एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे मागे पडून अर्धे अक्षर शेजारी ठेवण्याची रीत बळावली, तीत या यंत्राचाही वाटा आहे.

मग प्रश्न असा निघाला की, यंत्राने लिपीजोगे व्हावे की लिपीने यंत्राजोगे? मुद्रणातील खिळ्यांची संख्या घटविण्याच्या हेतूने सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला होता, साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकरही लिपिसुधारणेचे आग्रही पुरस्कर्ते होते. १९४७ साली नेमलेल्या नरेंद्रदेव समितीने मात्र ती बाराखडी नाकारली. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकार उजवीकडे नेण्याचा निर्णय केला. तो लोकांच्या हाताला रुचला नाही आणि पुढे सोडून द्यावा लागला. यंत्राच्या सोयीला वाचकाच्या डोळ्याने घातलेली ही मर्यादा होय.

१९५५ साली मुंबईच्या गोदरेज आणि बॉइसने देशी यंत्र बाजारात आणले. २००९ साली त्याचे उत्पादन थांबले. आता जुन्या बाजारात सुटकेसच्या घाटाच्या पेटीतील लहान यंत्रे हौसेने विकत घेतली जातात. घेणाऱ्याने रंगाच्या झिलईला भुलू नये. प्रत्येक कळ उठते व परतते का, गाडा ओळभर सरकतो का, रबरी रूळ दगडासारखा झाला आहे का, आणि कळीवरचे अक्षर टंकावरच्या अक्षराशी जुळते का, हे पाहावे. अडकणाऱ्या दांड्यांवर तेल ओतणे हा नेहमीचा प्रमाद. तेलावर धूळ बसते आणि पुन्हा सारे थिजते. तेथे मळ विरघळवून काढणे हाच उपाय. टंकाच्या खळग्यांतील वाळलेली शाई कुंचल्याने काढावी, फीत नवी घालावी, आणि तेथेच थांबावे.

‘थांबावे’ हा शब्द हेतुपूर्वक योजला आहे. जुन्या पोथीचा संपादक लेखकाचा हस्तदोषही टिपून ठेवतो. कारण त्यावरून प्रतींचे नाते ठरते. टंकलिखिताचेही तसेच आहे. एखाद्या यंत्राचा काना किंचित कललेला असतो, एखादा ‘ळ’ ओळीखाली उतरतो. ही त्या यंत्राची स्वाक्षरीच. विसाव्या शतकातील अनेक मराठी लेखांची मूळ प्रत टंकलिखित आहे. लेखकाचे यंत्र दुरुस्त करताना झिजलेला टंक बदलला, तर यंत्र देखणे होईल, पण प्रतीचा साक्षीदार नाहीसा होईल. म्हणून अशा यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याच्या सर्व अक्षरांचा ठसा कागदावर घेऊन ठेवणे, हे आपल्या संग्रहालयांनी कर्तव्य मानले पाहिजे.

तो ठसा कोणत्या कागदावर घ्यावा? सांगानेरात आज कापडाच्या कातरणांपासून हातकागद होतो, आणि तेथील राष्ट्रीय हातकागद संस्था ज्या कुमारप्पांच्या नावे आहे, त्यांचे ग्रामोद्योगाचे कार्य वर्ध्याच्या मगनवाडीत उभे राहिले. पण तेथील जाड ताव लहान यंत्राच्या बारीक रुळाभोवती नीट वळत नाही. पातळ ताव निवडला तर वळतो, आणि त्याच्या मऊ अंगात अक्षर उमटते तसेच रुततेही. पाठीमागून बोट फिरविले असता ते हाताला लागते. बोरूच्या कागदाने टंकाला दिलेली ही जागा पुढच्या संपादकाच्या उपयोगी पडेल.