लिनक्स लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडताना : केबलपासून मराठी फॉन्टपर्यंत

ग्रंथालयाचे व्याख्यान असो की शाळेचा पालक मेळावा, पाहुणे व्यासपीठावर येऊन बसले तरी पडदा निळाच, हा प्रकार बेळगावात घडतो तसा इंदूर-बडोद्यातही घडतो. लॅपटॉपवर उबुंटू किंवा मिंट असेल तर खापर लगेच लिनक्सवर फुटते. खरं तर बऱ्याचदा दोष केबलचा किंवा कन्व्हर्टरचा निघतो.

म्हणून आधी दोन्हीकडची पोर्ट बघून घ्यावीत. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए असते: निळा, 15 पिनांचा, दोन स्क्रूंचा कनेक्टर. 1987 मध्ये आयबीएमने आणलेली ही सोय अनेक सभागृहांत अजून टिकून आहे. नव्या लॅपटॉपला मात्र एचडीएमआय नाहीतर यूएसबी-सी. व्हीजीए अॅनालॉग, एचडीएमआय डिजिटल. त्यामुळे मध्ये कन्व्हर्टर लागतो आणि तो एकाच दिशेने चालतो. दुकानात ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ असेच सांगून मागावे. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ हातात पडला तर काहीही करा, चित्र येणार नाही. व्हीजीएतून आवाजही जात नाही, तेव्हा ऑडिओ जॅक असलेला कन्व्हर्टर घेतलेला बरा. यूएसबी-सीच्या प्रत्येक पोर्टमधून चित्र बाहेर पडतेच असे नाही. काही फक्त चार्जिंग आणि डेटापुरते असतात. डिस्प्लेलिंक चिपच्या डॉकला वेगळा ड्रायव्हर लागतो, तो घरीच टाकून ठेवावा.

प्रोजेक्टर चालू करून त्याच्या रिमोटवर बरोबर सोर्स निवडायचा, केबल घट्ट लावायची आणि लॅपटॉपवर सुपर व पी या दोन कळा दाबायच्या. सुपर म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ. उबुंटूत आणि मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत यातून मिरर, जॉइन किंवा एकच पडदा असे पर्याय मिळतात. साध्या कार्यक्रमाला मिरर पुरेसे.

पडदा काळाच राहिला तर

सेटिंग्जमधले डिस्प्लेज उघडावे. तिथे दुसरा पडदा दिसतच नसेल तर सिग्नल पोचलेला नाही. केबल किंवा कन्व्हर्टर बदलून बघावा. दिसतो पण चित्र नाही, तर सोर्स चुकला असेल किंवा रिझोल्युशन झेपत नसेल. प्रोजेक्टर आपल्याला काय चालते हे केबलमधूनच लॅपटॉपला कळवतो. याला ईडीआयडी म्हणतात. लांबलचक जुनी केबल किंवा स्वस्तातला स्प्लिटर असला की हा निरोप अर्ध्यातच अडकतो आणि लिनक्स अंदाजाने रिझोल्युशन ठरवतो. अशा वेळी हाताने 1024 बाय 768 निवडावे. बहुतेक जुन्या प्रोजेक्टरना ते चालते. एक्सरँडआर हा टर्मिनलमधला आदेशही जोडलेले पडदे दाखवतो, पण वेलँडवर चालणाऱ्या नव्या उबुंटूत त्याने बदल करता येत नाहीत. तिथे सेटिंग्जच बरे.

एनव्हिडियाचे कार्ड असलेल्या काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट त्या कार्डाला जोडलेले असते. ड्रायव्हर नसेल तर पोर्ट मुके राहते. हे काम आदल्या दिवशीचे. रीस्टार्ट लागतो, सभागृहात त्याला वेळ नसतो.

चित्र आले, आवाज लॅपटॉपमधूनच येतोय? साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुट एचडीएमआय करावे. पॉवर सेटिंग्जमधले स्क्रीन ब्लँक बंद ठेवावे आणि डू नॉट डिस्टर्ब चालू करावे, नाहीतर वक्त्याच्या भाषणात घरचे मेसेज पडद्यावर झळकायचे.

मराठी अक्षरे

आपल्या वाचकांची खरी अडचण पुढेच आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या स्लाइड लिनक्सवर उघडल्या की मराठीच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात, कारण तो मजकूर युनिकोड नसतो. आधी रूपांतर करून घेण्याला पर्याय नाही. युनिकोडमध्ये असेल तर मंगल नसला तरी नोटो किंवा लोहित देवनागरीत मजकूर वाचता येतो. मात्र ओळी सरकतात, शीर्षक चौकटीबाहेर जाते. लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये एफ5 दाबण्यापूर्वी सगळ्या स्लाइड एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. पडदा जोडलेला, म्हणजे जॉइन ठेवला तर वक्त्याला टिपणे लॅपटॉपवर आणि श्रोत्यांना फक्त स्लाइड दिसते.

सोबत पेनड्राइव्हवर त्याच स्लाइडची पीडीएफ असू द्यावी. तिच्यात फॉन्ट सामावलेले असतात, त्यामुळे आयोजकांच्या लॅपटॉपवरही जोडाक्षरे जशीच्या तशी उमटतात.