प्रयोगशाळेतलं टेबल

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोचलेल्या मुलामुलींची एक ठरलेली धडपड असते. विद्यापीठांच्या वेबसाइटवरून प्राध्यापकांची नावं हुडकायची, त्यांचे दोनचार पेपर चाळायचे आणि ‘आदरणीय सर’ अशी सुरुवात करून ईमेल धाडायचे. मार्क चांगले असले की लॅबमध्ये जागा मिळते, अशी त्यांची समजूत असते. पण लॅबमध्ये शिरणं म्हणजे कुणीतरी आपल्याला बसायला जागा द्यायची, उपकरणांना हात लावू द्यायचा आणि आपल्या चुकांचा खर्च सोसायचा. एवढा विश्वास केवळ गुणपत्रिकेवर कुणी टाकत नाही. हे 1933 साली मुंबईच्या एका मुलीला फार कडू रीतीनं कळलं.

कमला भागवत हे तिचं नाव. पुढच्या कमला सोहोनी, आणि दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. त्या वर्षी तिनं मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली. रसायनशास्त्र मुख्य विषय, जोडीला भौतिकशास्त्र, आणि गुणवत्ता यादीत नाव वर. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. ज्या संस्थेच्या गोष्टी घरात लहानपणापासून ऐकल्या तिथंच जायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली, आणि संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून नुकतेच रुजू झालेले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण लपवलंही नाही: मुलींना घेणार नाही. वडील आणि काकांनी रदबदली करून पाहिली, तिचाही उपयोग झाला नाही. मग कमला स्वतः त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करीन म्हणाली. तो काळच सत्याग्रहाचा. ज्या हत्याराला सरकार बिचकत होतं, ते एका वीसबावीस वर्षांच्या मुलीनं एका भारतीय शास्त्रज्ञावर उगारलं.

रामन नमले, पण अटी घालून. वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी नसेल, आणि कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्या कामाला मान्यता नसेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिच्यामुळे संस्थेचं वातावरण बिघडता कामा नये. यातली दुसरी अट कुठल्याही लॅबला शोभेल अशी आहे. पहिली म्हणजे बिननावाची उमेदवारी. तिसरी मात्र वेगळीच. पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित झालं तर त्याची जबाबदारी तिची! कमलानं तिन्ही मान्य केल्या. हा अपमान त्या म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या, आणि तसं त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवलं.

तिचं नशीब एवढंच की मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या मिळाले. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली तिनं दूध, डाळी आणि शेंगांमधल्या प्रथिनांवर काम केलं. ज्या देशात गरिबाच्या ताटात प्रथिन येतं ते बहुधा डाळीतूनच, तिथं हा विषय काही नुसता पुस्तकी नव्हता. वर्षअखेर रामन यांचं समाधान झालं. 1936 मध्ये याच संशोधनावर तिला एम.एस्सी. मिळाली, आणि त्यानंतर संस्थेचं दार मुलींना उघडलं.

रामन यांना खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. याच रामन यांच्या प्रयोगशाळेत 1940 साली ॲना मणी आल्या, हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर त्यांनी मन लावून काम केलं, शोधनिबंध छापले. पण 1945 मध्ये मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध दिला तेव्हा एम.एस्सी. नाही या कारणानं पीएच.डी. नाकारली गेली. प्रयोगशाळेनं आत घेतलं आणि विद्यापीठाच्या कारकुनीनं बाहेर ठेवलं. दारं अशी एकामागे एक असतात.

कमलाची पुढची गोष्ट केंब्रिजची. 1937 च्या डिसेंबरात ती फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन थडकली. हॉपकिन्सही नोबेलवाले. प्रवेश केव्हाच संपले होते. जागा नाही, पण इथं काम करणाऱ्यांपैकी कुणी आपल्यातली जागा द्यायला तयार असेल तर माझी हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. डेरेक रिश्टर तयार झाले. त्यांच्याकडे एक जादा टेबल होतं. दिवसा त्यावर कमलानं काम करायचं, आणि रात्री तेच टेबल रिश्टर यांना पाय पसरून झोपायला! बंगळूरला तीन अटी, इथं एक टेबल. मला या दोन प्रवेशांतलं अंतर प्रवेशाच्या कुठल्याही नियमावलीपेक्षा बोलकं वाटतं.

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर ती रॉबिन हिल यांच्याकडे आली. वनस्पतींच्या पेशींवर काम करताना तिला बटाट्यात ‘सायटोक्रोम सी’ सापडलं. पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोचवणारं हे प्रथिन वनस्पतींतही असतं, हे त्यातून दिसलं. चौदा महिन्यांत काम आणि लेखन पुरं झालं. प्रबंध टंकलिखित चाळीस पानांचा! आजकाल तेवढी पानं नुसत्या संदर्भसूचीला लागतात. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असं त्यांच्याबद्दल सर्रास लिहिलं जातं. ते जपून लिहावं, कारण जानकी अम्मल यांनी 1931 मध्येच मिशिगनची डी.एस्सी. मिळवली होती.

पण केंब्रिज म्हणजे उदारपणाचं माहेरघर, असंही समजायचं कारण नाही. त्या काळी तिथं स्त्रियांना पदवीचं नाव तेवढं मिळे. पदवीधर म्हणून विद्यापीठाच्या कारभारात मिळणारे हक्क फक्त पुरुषांना. त्यांच्या बरोबरीची पूर्ण पदवी केंब्रिजनं स्त्रियांना द्यायला सुरुवात केली ती 1948 मध्ये. कमलाबाई तोवर दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज आणि कुन्नूरची पोषण-संशोधन प्रयोगशाळा अशी मजल मारून, लग्न होऊन मुंबईला परतल्या होत्या. पुढे तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन डाळींवर, तांदळाच्या पिठावर आणि नीरेवर काम सुरू केलं. आता टेबल द्यायची पाळी त्यांची होती.