एचडीचे पैसे भरूनही टीव्हीवर चित्र धूसर? सेट-टॉप बॉक्सची ही सेटिंग तपासा

नवा एलईडी टीव्ही घेतला, एचडी पॅकही घेतला, तरी चित्र धूसरच दिसतं? दोष बहुतेक वेळा टीव्हीत नसून सेट-टॉप बॉक्सच्या जोडणीत किंवा सेटिंगमध्ये असतो.

जुन्नर-आंबेगावातल्या पारगावसारख्या ग्रामीण भागात केबल डिजिटल करण्याची अंतिम मुदत ३१ मार्च २०१७ होती. तेव्हाच्या अनेक जोडण्या जुन्या टीव्हीला चालणाऱ्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्ही वायरने झाल्या. टीव्ही बदलला, वायर तीच राहिली.

फरक किती?
एव्ही वायरमधून जास्तीत जास्त ५७६ ओळींचं साधं चित्र येतं, म्हणजे सुमारे ४.१५ लाख ठिपके. फुल एचडीत १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७४ लाख ठिपके असतात. त्यामुळे एचडीसाठी एचडीएमआय केबल हवीच. बॉक्स एसडी असेल, तर मात्र केबल बदलूनही एचडी मिळणार नाही.

सेटिंग कशी बदलाल?
१. रिमोटवर मेनू दाबून सेटिंग्जमध्ये डिस्प्ले किंवा व्हिडिओ उघडा. नावं बॉक्सनुसार बदलतात.
२. एचडी रेडी टीव्हीला ७२०पी किंवा १०८०आय, फुल एचडीला १०८०आय किंवा १०८०पी निवडा.
३. चेहरे ताणलेले दिसले, तर आस्पेक्ट रेशो १६:९ करा.

स्क्रीन काळी पडली तर?
घाबरू नका. टीव्हीला न चालणारं रिझोल्युशन निवडलं गेलं असेल. थोडं थांबा, काही बॉक्स आपोआप जुन्या सेटिंगवर येतात. नाहीतर एव्ही वायर जोडून मेनू उघडा आणि कमी रिझोल्युशन निवडा. मेकॅनिकला बोलावण्याआधी एवढं करून पाहा.