थरमॅक्समधील कंपनी सुशासन

थरमॅक्स लिमिटेड ही पुणे येथे मुख्यालय असलेली ऊर्जा व पर्यावरण अभियांत्रिकी क्षेत्रातील सूचीबद्ध कंपनी आहे. बॉयलर, टाकाऊ उष्णतेवर चालणारी शीतकरण यंत्रे, जलशुद्धीकरणाची संयंत्रे आणि वायुप्रदूषण नियंत्रणाची उपकरणे ही तिची प्रमुख उत्पादने होत. इ.स. २००० च्या सुमारास कंपनीने आपल्या संचालक मंडळाची पुनर्रचना करून मालकी आणि दैनंदिन व्यवस्थापन परस्परांपासून वेगळे केले. कुटुंबाच्या ताब्यातील भारतीय उद्योगांच्या सुशासनाची चर्चा करताना हे उदाहरण वारंवार दिले जाते.

== पार्श्वभूमी ==

ए. एस. भथेना यांनी १९६६ मध्ये बेल्जियन सहकार्याने ‘वॉन्सन इंडिया’ या नावाने हा उद्योग सुरू केला. १९८० मध्ये कंपनीला ‘थरमॅक्स’ हे नाव मिळाले. भथेना यांचे जावई रोहिंटन आगा यांच्या नेतृत्वाखाली तिचा विस्तार झाला आणि १९९५ मध्ये तिचे समभाग जनतेसाठी खुले करण्यात आले. समभाग विक्रीनंतरही बहुसंख्य भागभांडवल, सुमारे ६२ टक्के, प्रवर्तक कुटुंबाकडेच राहिले. मात्र आता बाहेरच्या भागधारकांना उत्तर देण्याची जबाबदारीही कंपनीवर आली.

फेब्रुवारी १९९६ मध्ये रोहिंटन आगा यांचे आकस्मिक निधन झाले. त्यांच्या पत्नी अनू आगा, ज्या तोपर्यंत मनुष्यबळ विभाग सांभाळत होत्या, अवघ्या काही दिवसांत अध्यक्षपदी आल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा तरुण मुलगाही अपघातात दगावला. याच सुमारास देशातील भांडवली वस्तूंची मागणी मंदावली होती. एकेकाळी ४०० रुपयांच्या आसपास असलेला समभागाचा भाव ३६ रुपयांपर्यंत घसरला.

== निनावी पत्र आणि संचालक मंडळाची पुनर्रचना ==

या घसरणीच्या काळात एका भागधारकाने अनू आगा यांना निनावी पत्र पाठवले. आपले पैसे बुडाल्याची आणि अध्यक्षांनी भागधारकांचा विश्वासघात केल्याची तक्रार त्यात होती. आगा यांनी पुढे अनेक मुलाखतींत या पत्राचा उल्लेख केला. स्वतःच्या कुटुंबाला पैशांची चणचण नव्हती, म्हणून भाव घसरल्याची झळ जाणवली नव्हती. पत्रामुळे ती जाणीव झाली, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यानंतर बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार संस्थेची नेमणूक झाली. तोपर्यंतच्या मंडळात कार्यकारी संचालकांचे प्राबल्य होते; म्हणजे ज्यांच्या कामगिरीवर देखरेख करायची, तेच देखरेख करणारेही होते. पुनर्रचनेत कार्यकारी संचालक मंडळातून बाजूला झाले, बाहेरचे स्वतंत्र संचालक आले आणि कामकाजासाठी स्वतंत्र कार्यकारी समिती नेमण्यात आली. कुटुंबातील सदस्यांनीही कार्यकारी पदे सोडून केवळ मंडळावरील स्थान राखले. मुख्य व्यवसायाशी संबंध नसलेले उद्योग विकण्यात आले. व्यवस्थापकीय संचालकपद प्रकाश कुलकर्णी, नंतर २००७ पासून एम. एस. उन्नीकृष्णन व २०२० पासून आशिष भंडारी या कुटुंबाबाहेरील व्यक्तींकडे राहिले. २००४ मध्ये अनू आगा यांनी अध्यक्षपद सोडले व त्यांची कन्या मेहेर पदमजी बिगर-कार्यकारी अध्यक्ष झाल्या. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनीही काही काळ स्वतंत्र संचालक म्हणून काम पाहिले.

अध्यक्षपद आईकडून मुलीकडे गेल्याने वारसा पूर्णपणे संपला असे म्हणता येत नाही. कुटुंबाने सोडली ती कारभाराची सूत्रे. नियंत्रण सोडले नाही.

== कायदेशीर चौकट ==

सेबीने १९९९ मध्ये नेमलेल्या कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींनुसार फेब्रुवारी २००० मध्ये सूचीकरण करारात कलम ४९ घालण्यात आले आणि स्वतंत्र संचालक व लेखापरीक्षण समिती यांची अट लागू झाली. थरमॅक्समधील बदल याच काळातले आहेत. कंपनी कायदा, २०१३ आणि सेबीचे २०१५ चे सूचीकरण विनियम यांनी ही चौकट अधिक कडक केली. बिगर-कार्यकारी अध्यक्ष प्रवर्तक किंवा प्रवर्तकाचा नातेवाईक असल्यास किमान निम्मे संचालक स्वतंत्र असावे लागतात, एरवी एक तृतीयांश पुरतात. थरमॅक्सला पहिला, म्हणजे कडक, नियम लागू होतो.

२०१३ च्या कायद्याच्या कलम १७७ नुसार सूचीबद्ध कंपन्यांना गैरप्रकारांची माहिती देणाऱ्यांसाठी दक्षता यंत्रणा ठेवावी लागते आणि आवश्यक प्रसंगी तक्रारदाराला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट पोहोचता येते. ही यंत्रणा संचालक व कर्मचाऱ्यांसाठी आहे. निनावी पत्र लिहिणाऱ्या भागधारकासारख्यांसाठी कलम १७८ खालील हितसंबंधी समितीचा मार्ग आहे.

== नीतिसंहिता आणि वाद ==

लिखित संहिता असणे आणि ती पाळली जाणे यांतील अंतर महाराष्ट्राला दाभोळ वीज प्रकल्पामुळे परिचित असलेल्या एन्रॉन कंपनीत स्पष्ट दिसले. तिची नीतिसंहिता ६४ पानांची होती. तरीही १९९९ मध्ये संचालक मंडळाने मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या खासगी भागीदारीसाठी तिच्यातून सूट दिली. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

थरमॅक्सही वादापासून मुक्त राहिली नाही. प्युरोलाइट या अमेरिकी कंपनीने २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील न्यायालयात दावा दाखल केला. आपल्या माजी कर्मचाऱ्यांमार्फत आयन-विनिमय रेझिनविषयीची व्यापारी गुपिते थरमॅक्सकडे गेली, असा तिचा आरोप होता. २०१० मध्ये ३.८ कोटी डॉलरच्या तडजोडीने हा दावा मिटला. त्याचा भार त्या वर्षीच्या नफ्यावर, पर्यायाने भागधारकांवर पडला. स्पर्धक कंपनीतून माणसे घेताना त्यांच्याबरोबर आलेल्या माहितीचे काय करायचे, हा नीतिसंहितेतील एरवी दुर्लक्षित राहणारा भाग या खटल्यामुळे पुढे आला.

== सामाजिक दायित्व ==

नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याची तरतूद २०१३ च्या कायद्याने आणली. थरमॅक्सची सामाजिक संस्था त्याआधी, २००७ मध्ये स्थापन झाली होती. आकांक्षा फाउंडेशनच्या सहकार्याने पुणे महानगरपालिकेच्या शाळा चालवणे हे तिचे प्रमुख कार्य आहे.