पॉवरलिफ्टिंग, प्रौढांचे

पॉवरलिफ्टिंग, प्रौढांचे : पॉवरलिफ्टिंग ह्या शक्तिप्रधान क्रीडाप्रकारात चाळीस व त्यांहून अधिक वयाच्या स्त्री-पुरुषांसाठी राखलेला स्पर्धाविभाग. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तो ‘मास्टर्स’ ह्या नावाने ओळखला जातो.

ह्या क्रीडाप्रकारात तीन उचल असतात. खांद्यावर दांडा घेऊन मारावयाची बैठक म्हणजे स्क्वॉट. बाकावर उताणे पडून छातीपर्यंत आणलेला दांडा हात ताठ होईपर्यंत वर ढकलणे म्हणजे बेंच प्रेस. आणि जमिनीवरील दांडा कंबर व गुडघे सरळ होईपर्यंत उचलणे म्हणजे डेडलिफ्ट. प्रत्येक उचलीसाठी तीन संधी मिळतात व तिन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज करून क्रम ठरविला जातो. तीन पंचांपैकी दोघांनी पांढरा दिवा लावल्यास उचल ग्राह्य धरली जाते. हे नियम तरुणांना व वृद्धांना सारखेच लागू असतात. प्रौढांसाठी बैठकीची खोली कमी केलेली नसते किंवा दांड्याचे वजनही घटविलेले नसते.

पॉवरलिफ्टिंगचा उगम १९५० च्या दशकात ब्रिटन व अमेरिका येथील व्यायामशाळांत झाला. ऑलिंपिक भारोत्तोलनात न बसणाऱ्या अनेक उचलींच्या स्पर्धा तेथे होत असत. १९६४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील यॉर्क येथे राष्ट्रीय स्वरूपाची एक स्पर्धा झाली आणि पुढील वर्षी अमेरिकेची पहिली अधिकृत राष्ट्रीय स्पर्धा भरली. यॉर्क येथेच १९७१ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाची स्थापना झाली. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा १९८० मध्ये अमेरिकेत लोवेल येथे भरली.

वयानुसार विभागणी करण्याची कल्पना मैदानी खेळांतून आली. १९७५ मध्ये टोराँटो येथे प्रौढ धावपटूंची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पॉवरलिफ्टिंगमधील प्रौढांच्या जागतिक स्पर्धा १९८० च्या दशकात सुरू झाल्या. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार ४० ते ४९, ५० ते ५९, ६० ते ६९ आणि ७० च्या पुढे असे चार गट आहेत. वय स्पर्धेच्या दिवसावरून मोजत नाहीत. ज्या वर्षी चाळीस वर्षे पूर्ण होतात त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून खेळाडू पहिल्या गटास पात्र ठरतो. वयोगटांत पुन्हा शरीराच्या वजनानुसार वर्ग पाडलेले असतात. प्रौढ खेळाडूस खुल्या गटातही उतरता येते.

वयाबरोबर स्नायूंचे आकारमान व बळ घटते. ह्या ऱ्हासाला ‘सार्कोपेनिया’ हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचविले. ऱ्हास अटळ असला, तरी त्याचा मोठा भाग वापराच्या अभावामुळे होतो, हे त्याच सुमारास प्रयोगांनी दाखवून दिले. वॉल्टर फ्राँटेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ६० ते ७२ वर्षांच्या बारा पुरुषांकडून बारा आठवडे जड वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूंचे बळ दुपटीहून अधिक वाढले. १९९० मध्ये मारिया फियातारोन यांनी बॉस्टन येथील वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षांच्या दहा दुर्बल रहिवाशांवर आठ आठवड्यांचा प्रयोग केला; तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले.

स्पर्धांतील विक्रमांचाही ह्या दृष्टीने अभ्यास झाला आहे. डेव्हिड मेल्ट्झर यांच्या १९९४ मधील विश्लेषणानुसार ऑलिंपिक भारोत्तोलनातील क्षमता सत्तरीपर्यंत दरवर्षी सु. १ ते १.५ टक्क्यांनी घटते व त्यानंतर अधिक वेगाने खालावते. २००४ मध्ये मारिया अँटन, वॉनीन स्पिर्डुसो व हिरोफुमी तानाका यांनी दोन्ही क्रीडाप्रकारांची तुलना केली. भारोत्तोलनापेक्षा पॉवरलिफ्टिंगमधील घट कमी व एकसारख्या गतीची असल्याचे त्यांना आढळले. भारोत्तोलनात वेग, लवचिकता व तोल यांची निकड असते, तर पॉवरलिफ्टिंगमध्ये मुख्यतः संथ बळाची कसोटी लागते. चाळिशीनंतर अनेकजण ह्या क्रीडाप्रकाराकडे वळतात, त्याचे एक कारण ह्यात सापडते.

दहा वर्षांच्या एकाच गटातही वयाचा फरक जाणवतो, आणि सत्तरीपुढे तर पंधरा-वीस वर्षांचे अंतर असलेले खेळाडू एकत्र येतात. म्हणून काही संघटना पाच वर्षांचे गट पाडतात, तर काही वयगुणक वापरतात. मॅक्‌कलक गुणकानुसार चाळिसाव्या वर्षी १.०००, पन्नासाव्या वर्षी १.१३० व साठाव्या वर्षी १.३४० ह्या संख्येने गुणले जाते. पन्नास वर्षांच्या खेळाडूची ४०० किग्रॅ. ही बेरीज त्यामुळे ४५२, तर तेवढ्याच देहभाराच्या साठ वर्षांच्या खेळाडूची ३५० किग्रॅ. ही बेरीज ४६९ ठरते. असा गुणक सरासरीवर आधारलेला असतो. तारुण्यापासून सराव करणारा व साठीत आरंभ करणारा यांतील भेद तो जाणत नाही.

ह्या विभागातील सर्वांत अवघड प्रश्न औषधांचा आहे. अमेरिकेत १९८१ मध्ये उत्तेजकविरोधी स्वतंत्र संघटना उभी राहिली व पुढे हा क्रीडाप्रकार चाचणी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अनेक संघटनांत विभागला गेला. वाढत्या वयात पुरुषांतील टेस्टोस्टेरोन घटते व डॉक्टर काहींना ते औषधरूपाने देतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत मात्र ते निषिद्ध आहे, आणि केवळ वार्धक्यामुळे झालेली घट सवलतीस कारण मानली जात नाही. परिणामी घरी वैध असलेला उपचार स्पर्धेत अपात्रतेस कारणीभूत होतो, आणि उपचार सोडावा की चाचणी असलेली स्पर्धा सोडावी, असा पेच खेळाडूपुढे उभा राहतो. 

श्वास रोखून जड वजन उचलताना रक्तदाब अतिशय वाढतो. १९८५ मधील एका प्रयोगात पायांनी वजन ढकलणाऱ्या तरुण शरीरसौष्ठवपटूंचा दाब सरासरी ३२०/२५० मिमी. पर्यंत गेल्याचे नोंदविले गेले. हृद्‌रोग, उच्च रक्तदाब किंवा अस्थींचा ठिसूळपणा असणाऱ्यांनी वैद्यकीय तपासणीनंतरच, हलक्या वजनापासून व प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आरंभ करावा, असे म्हणूनच सांगितले जाते. वयस्कांना दोन जड सरावांमध्ये विश्रांतीही अधिक लागते.

२०१३ मध्ये रशियातील सुझदल येथे आधारवस्त्रांविना होणारी पहिली जागतिक ‘क्लासिक’ स्पर्धा झाली. घट्ट पोशाख चढविण्याचा खर्च व त्रास वाचल्याने हा प्रकार प्रौढांनाही सोयीचा ठरला. फ्लॉरिडातील नृत्यशिक्षिका ईडिथ मर्वे-ट्रेना ह्या नव्वदी उलटल्यावर वजने उचलू लागल्या आणि वयाच्या ९८ व्या वर्षी स्पर्धेत उतरल्याबद्दल सर्वांत वयस्क महिला पॉवरलिफ्टर म्हणून त्यांची गिनेस विक्रमग्रंथात नोंद झाली. भारतातही प्रौढ गटाच्या राज्य व राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा भरतात. ज्या वयात जड ओझे उचलू नये असा घरोघरी सल्ला मिळतो, त्या वयात मोजूनमापून व नियमाने ओझे उचलण्याची संधी ह्या विभागाने दिली आहे.