स्लॉट आहे का स्लॉट?

मंडळी, या वीकांताला इतिहास. पण पानिपत नाही की पेशवाई नाही. हा इतिहास आहे पंचवीस-तीस हजारांत गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर जमवण्याचा, आणि तोही आमच्या नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात. बाहेरच्यांना नांदुरा म्हणजे हायवेवरची १०५ फुटी हनुमानाची मूर्ती, नाहीतर मलकापूर आणि शेगावच्या मध्ये गाडी जिथे दोन मिनिटं थांबते ते स्टेशन. इथे ग्राफिक्स कार्डाचा काय इतिहास असणार, असं वाटेल. आहे. आणि बराच रंजक आहे.

सुरुवात जरा लांबून करतो. नांदुऱ्याहून पूर्वेकडे गाडी निघाली की शेगाव, अकोला आणि मग मूर्तिजापूर. त्याच मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेने आपल्याला हवामानाच्या अंदाजासाठी एक क्रे सुपरकॉम्प्युटर दिला, पण त्याहून ताकदवान मशीन द्यायला नकार दिला. मग मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. भटकर प्रमुख, मुदत ३ वर्षं, बजेट ३० कोटी. म्हणजे बघा, मागितलेला ब्रँडेड मिळत नाही, बजेट ठरलेलं आहे, आणि मुदतीत मशीन चालू करून दाखवायचंय. ही परिस्थिती कोणाला ओळखीची वाटत नाहीये? :-)

त्यांनी निवडलेला पार्ट होता ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्युटर. एकेकटा पाहिला तर क्रेच्या प्रोसेसरपुढे अगदीच किरकोळ. पण त्याच्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे दशांश गणितं करणारा भाग चिपमध्येच होता, आणि दुसरी म्हणजे शेजारच्या चिपशी बोलायला चार लिंक आतूनच दिलेल्या होत्या. वेगळं महागडं सर्किट न लावता अशा कितीतरी चिप एकमेकींना जोडता यायच्या. १९९१ मध्ये ६४ नोडचा परम ८००० उभा राहिला. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी सगळ्यात वेगवान पार्ट शोधलाच नाही. ज्याच्यापुढे अजून काही जोडता येईल असा पार्ट शोधला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता घरगुती कॉम्प्युटरकडे. १९९१-९२ ला आपल्याकडे आयातशुल्काचा कमाल दर होता १५० टक्के. त्या जमान्यात घरात गेमसाठी कॉम्प्युटर म्हणजे गंमतच. नंतर शुल्क उतरत गेलं. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि कॉम्प्युटर व त्याच्या भागांवरचं मूळ आयातशुल्क २००५ पर्यंत शून्यावर आणायचं ठरलं. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, बोलण्यात कधीच नाही) आणि पुण्यात बुधवारातली तपकीर गल्ली इथे सुटा माल मिळायला लागला. ब्रँडेड मशीनपेक्षा असेंबल्ड बरंच स्वस्त पडायचं. स्वस्ताईची कारणं अनेक होती, त्यातलं एक म्हणजे विंडोज कुणीच विकत घेत नव्हतं. असो.

त्या काळातली जगभर गाजलेली बजेट खरेदी म्हणजे सेलेरॉन ३००ए. २४ ऑगस्ट १९९८ ला इंटेलने एकाच दिवशी दोन प्रोसेसर आणले. पेन्टियम टू ४५०, किंमत ६६९ डॉलर, आणि सेलेरॉन ३००ए, किंमत १४९ डॉलर. सेलेरॉनचा गुणक होता साडेचार आणि बसचा वेग ६६. मदरबोर्डवर बस १०० केली की साडेचार गुणिले शंभर, झाले ४५०! शिवाय त्याची १२८ केबीची कॅश चिपमध्येच होती आणि प्रोसेसरच्याच वेगाने पळायची. पेन्टियम टूची ५१२ केबी, पण चिपच्या बाहेर आणि अर्ध्या वेगाची. गेममध्ये दोघं जवळजवळ बरोबरीला. सव्वापाचशे डॉलरची बचत, तीही एका सेटिंगमध्ये. दोन वर्षांनी एएमडीच्या ड्युरॉनवर लोकांनी साध्या पेन्सिलीने रेघा ओढून गुणक मोकळा केला, कारण शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. दोन रुपयांच्या पेन्सिलीने!

पण ही मजा विदर्भात यायला एक अडचण होती, ती म्हणजे ऊन. हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, खोलीच्या तापमानापेक्षा अमुक इतकं वर एवढंच धरून ठेवतो. पुण्यात खोली २८ अंशांवर असेल आणि आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ४२, तर १४ अंश सुरुवातीलाच गेले. २००१ मध्ये एका परदेशी वेबसाइटने चालू मशीनचा हीटसिंक काढून दाखवला. पेन्टियम फोर हळू झाला पण जगला, आणि ॲथलॉनचा धूर झाला. तेव्हापासून "एएमडी गरम होतो" हे वाक्य आपल्याकडे जे रुजलं, ते कंपनीने कितीही पिढ्या बदलल्या तरी हललं नाही. नांदुऱ्यात २०१५ च्या पुढेसुद्धा हे मी स्वतः ऐकलंय, अगदी ठासून.

आता मुख्य मुद्दा. आमच्या भागात कॉम्प्युटर घरोघरी शिरला तो अभ्यासाच्या नावाने. शेगावचं गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून आहे, गाडीने जेमतेम अर्धा तास. २००२ ला एमएस-सीआयटी सुरू झालं आणि तालुक्या-तालुक्याला सेंटर निघाली. पोरगं सेंटरवर जाऊन यायचं आणि घरी म्हणायचं, प्रॅक्टिसला घरी पाह्यजे. कापसाचे पैसे आले की बाप कोटेशन काढायला जायचा. कोटेशनमध्ये प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क, मॉनिटर, कीबोर्ड सगळं स्वच्छ लिहिलेलं असायचं. मदरबोर्डच्या ओळीत मात्र नुसतं "८४५ ऑनबोर्ड".

हे ८४५ म्हणजे इंटेलचा २००२ चा चिपसेट. त्याची घरगुती भावंडं कोणती, तर ८४५जी, ८४५जीएल आणि ८४५जीव्ही. तिन्हीत ग्राफिक्स ऑनबोर्ड. महत्त्वाचा फरक हा की ८४५जी वर पुढे कार्ड लावायला एजीपी स्लॉट देता यायचा, जीएल आणि जीव्ही वर नाही. म्हणजे मदरबोर्डवर जिथे तो तपकिरी स्लॉट असतो तिथे नुसती मोकळी जागा. त्याआधी १९९९ च्या ८१० चिपसेटचंही तेच, आणि २००० च्या ८१५ ने ती चूक दुरुस्त केली होती. दोन बोर्डांच्या किमतीत फरक हजारभराच्या आतबाहेरचा. पण ज्याला जीव्ही मिळाला त्याचं मशीन गेमच्या बाबतीत जन्मतःच बंद. बरं, त्या एका अक्षराचा अर्थ घेणाऱ्याला माहीत नाही, आणि विकणाऱ्याने सांगायचं काही कारण नाही.

मी त्या वेळी बालवाडीच्या वयाचा. पण मोठ्या भावंडांकडून हा किस्सा इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय. पोरगं दुकानात हळूच विचारतं, "भाऊ, स्लॉट आहे का स्लॉट?" आणि बाप मागून, "कायचा स्लॉट बे? अभ्यासाले काय लागते तेवढंच सांग." पुढे पोरगं गप्प. गेमसाठी हवाय हे तोंडातून काढायची सोय नाही, त्यामुळे भांडायची पण सोय नाही. माझ्या मते बजेट गेमिंगचा आपल्याकडचा खरा इतिहास हा असा आहे. पैसे कमी होते हे खरंच, पण जे होते ते कशासाठी खर्च होतायत हे उघड बोलता येत नव्हतं. आणि उघड बोलता येत नसेल तर ग्राहकाला नेमका तोच पार्ट मिळतो जो दुकानात पडून आहे.

मग २००३ च्या मे महिन्यात व्हाइस सिटी पीसीवर आला. मागणी किमान ८०० मेगाहर्ट्झचा पेन्टियम थ्री, १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं ग्राफिक्स. ऑनबोर्ड ग्राफिक्स स्वतःची मेमरी कुठून आणणार? रॅममधूनच उसनी घेणार. १२८ मधले ३२ तिकडे गेले की विंडोज एक्सपी आणि गेम दोघांनी मिळून उरलेल्या ९६ मध्ये संसार करायचा. तरी पोरांनी चालवला, ६४० बाय ४८० वर, धुकं-सावल्या सगळं बंद करून. आणि त्याहून मोठं संकट लोडशेडिंगचं. व्हाइस सिटीत गेम सेव्ह होतो तो फक्त घरी जाऊन. खेळताना लाइट गेली आणि यूपीएस टीं-टीं करायला लागला की गाडी पळवत घर गाठायचं! सीआरटी मॉनिटर आणि ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे बॅटरी नवी असेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. बॅटरी जुनी झाली की देवाचं नाव घ्यायचं.

ज्यांच्याकडे स्लॉट होता त्यांचंही सगळं गोड होतं असं नाही. बजेटमध्ये बसणारं कार्ड म्हणजे जीफोर्स ४ एमएक्स ४४०, फेब्रुवारी २००२ चं. नाव ४, पण आत जीफोर्स २ च्याच घराण्याचा माल, पिक्सेल शेडर नाही. आधीच्या वर्षीच्या जीफोर्स ३ मध्ये मात्र होता. २००३ चा प्रिन्स ऑफ पर्शियाचा सँड्स ऑफ टाइम पिक्सेल शेडर मागायचा, त्यामुळे 'चार' वर चालायचा नाही आणि 'तीन' वर चालायचा. आकड्यावर जाऊ नका हे त्या पिढीला असं कळलं. स्लॉट नसलेल्यांनी थ्रीडी अ‍ॅनालाइझ नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर हुडकून काढलं होतं. ते गेमला सांगायचं की आहे हो कार्ड, आणि कार्डाचं थोडं काम प्रोसेसरच्या गळ्यात मारायचं. चालायचं, रांगत का होईना. माझ्या ओळखीच्या दोन-तीन सीनियर लोकांना डायरेक्टएक्स म्हणजे काय हे कॉलेजात नाही, या सॉफ्टवेअरच्या चौकोनांवर टिकमार्क करताना समजलं.

२००४ पासून एजीपी गेला आणि पीसीआय एक्सप्रेस आला. तो लांब स्लॉट मग हळूहळू स्वस्तातल्या बोर्डांवरही सर्रास दिसू लागला. म्हणजे स्लॉटचा प्रश्न सुटला, पण आता अडलं एसएमपीएसवर. जुन्या मशीनमध्ये वीज मुख्यतः ३.३ आणि ५ व्होल्टवर जायची, तर पेन्टियम फोरपासून पुढे भार १२ व्होल्टवर आला. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर '४५० वॅट' छापलेलं असायचं, पण १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते वाचलं की खरं काय ते समजायचं. ते कुणी वाचत नसे. कार्ड लावलं, गेम सुरू केला, मशीन बंद. दोष कार्डाचा ठरायचा.

म्हणून २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय मला फार मोठं कार्ड वाटतं. वेगाने नाही, स्वभावाने. खायचं ६० वॅट, आणि स्लॉटमधूनच ७५ मिळतात, त्यामुळे वेगळी केबल नको. ऑफिसच्या जुन्या डब्यात ठोका आणि खेळा. आणि त्याच्या आत होते ६४० छोटे-छोटे कोअर. एक मोठा पैलवान परवडत नाही ना, मग पोरांची फौज उभी करा, हा परमचाच मार्ग आता एका कार्डात आला होता. अर्थात हा काही पुण्याहून निघून तिथे पोचला असं म्हणायचं नाहीये, जगभर अनेकांनी तो धरला होता. पण ३० कोटींच्या मशीनचा आणि दहा-बारा हजारांच्या कार्डाचा विचार एकच निघावा याची मौज वाटते.

या सगळ्यात भाव कुणाच्या हातात असतात? दुकानदाराच्या नाहीत. २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये भूकंप झाला आणि रॅम महागली. २०११ ला थायलंडमध्ये पूर आला आणि हार्डडिस्क महागल्या. २०१७-१८ आणि पुन्हा २०२१ ला क्रिप्टोवाल्यांनी कार्डं पळवली. आणि आता एआयची डेटा सेंटरं. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे काही चढले की विचारू नका. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

याचा फटका नेमका आमच्याच लोकांना बसतो. २०१८ मध्ये रायझन ३ २२००जी आला तेव्हापासून ऑनबोर्ड या शब्दाची शिवी राहिली नव्हती. कार्ड न घेता बऱ्यापैकी गेम चालायला लागले होते. पण ते ग्राफिक्स आजही रॅममधूनच उसनं घेऊन जगतं, व्हाइस सिटीच्या काळासारखंच, आणि त्याला रॅमचा वेग लागतो. दोन कांड्या लावल्या तर दोन रस्ते, एक लावली तर एकच रस्ता आणि बँडविड्थ सरळ निम्मी. जिथे कार्डच नाही तिथे ही निम्मी बँडविड्थ गेममध्ये लगेच जाणवते.

माझा एक चुलतभाऊ नांदुऱ्यात बारावीला आहे. त्याच्यासाठी ५६००जी चं कोटेशन काढलं, आणि रॅमची ओळ सोडून बाकी सगळं बजेटमध्ये बसलं. ८ जीबीच्या दोन कांड्या घ्यायच्या तर एसएसडी अर्धी करावी लागते, नाहीतर एसएमपीएस हलका घ्यावा लागतो. एसएमपीएसला हात लावायचा नाही हे मी काकांना स्पष्ट सांगितलंय. (काकांना गेमचं माहीत आहे. काळ बदललाय.) चार स्लॉटचा बोर्ड परवडत नव्हता, दोन स्लॉटचा घेतलाय. सध्या एकच कांडी लावायची आणि एसएसडी ५१२ ची ठेवायची असं ठरलंय. दुसऱ्या कांडीचे पैसे तो दिवाळीपर्यंत साठवणार आहे. तोवर भाव उतरतात की अजून चढतात, यावर आमची पैज लागलीये. तो म्हणतो उतरतील.