लैंगिक शिक्षणाचा प्रश्न आणि मुंबईचा इतिहास



शाळेत लैंगिक शिक्षण द्यावे काय, असा प्रश्न निघाला की आपल्यापैकी बरेच जण म्हणतात, "हे परदेशी खूळ आहे, आपल्याकडे असले काही नव्हते." हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. हा वाद आपल्या मुंबईत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि दर वेळी कोणी तरी गप्प बसण्याची किंमत मोजली आहे. ती किंमत कोणी मोजली, हे आपण पाहू.

आपण रोज ज्या रे रोड स्टेशनावर चढतो-उतरतो, त्याला लॉर्ड रे यांचे नाव आहे. ते 1885 ते 1890 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्याच काळात मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंचा खटला गाजला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठी झाल्यावर नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला. 1887 साली कोर्टाने तिला सांगितले की नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्याच रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. 1890 च्या सुमारास कलकत्त्याला फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या संबंधाने मरण पावली. 1891 साली संमतिवयाचा कायदा होऊन ही मर्यादा 10 वरून 12 वर्षे झाली. त्यालाही मोठा विरोध झाला. विरोधकांचे म्हणणे होते की ही घरातली बाब आहे, ती चव्हाट्यावर आणू नका. फुलमणीचा जीव मात्र त्या घरातच गेला होता, हे आपण विसरू नये.

दुसरा प्रसंग र. धों. कर्वे यांचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे चिरंजीव गिरगाव चौपाटीवरील विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. प्रचार थांबवा किंवा नोकरी सोडा, असा प्रसंग आला तेव्हा 1925 साली त्यांनी नोकरी सोडली. जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचक आपल्या शंका पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांची उत्तरे छापीत. 1934 साली अशाच उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. एखादे लिखाण लैंगिक विषयावर आहे, एवढ्याने ते अश्लील ठरत नाही, असा बचावाचा रोख होता. खटला हरला आणि कर्व्यांना दंड भरावा लागला.

कर्वे कट्टर बुद्धिवादी होते. त्यांची सर्वच मते आपल्याला पटतील असे नाही, पटावीत असा माझा आग्रहही नाही. विचार करण्याची गोष्ट वेगळीच आहे. आई-बाप, शिक्षक, डॉक्टर यांच्यापैकी कोणालाच विचारता येत नव्हते, म्हणून माणसे एका गणिताच्या प्राध्यापकाला पत्रे लिहीत होती. विचारायला जागा नसली म्हणून प्रश्न नाहीसा होत नाही. तो दुसरे दार शोधतो. त्या काळी ते दार एका अभ्यासू माणसाचे होते. आज आपल्या मुलांच्या हातातल्या मोबाईलचे दार कोणाकडे उघडते, याचा विचार आपणच करावा.

तिसरा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एड्सच्या धोक्यामुळे केंद्र शासनाने किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आखला. 2007 साली त्यातील चित्रांवरून महाराष्ट्र विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य शासनाने शाळांतून तो बंद केला. त्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. पाहणीतील 53 टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले होते, आणि त्रास देणाऱ्यांत निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे वा विश्वासातले होते. पुढे 2012 साली पोक्सो कायदा झाला. कायदा कडक आहे. पण आपल्या बाबतीत काय घडले हे सांगायला ज्या मुलाजवळ शब्दच नाहीत, ते मूल तक्रार तरी कसे करणार?

आता धर्माचा मुद्दा. आपले काही बांधव म्हणतात, हे हयेच्या विरुद्ध आहे. हया ही मोठी गोष्ट आहे, यात वाद नाही. परंतु आपल्या परंपरेत हया म्हणजे अज्ञान असा अर्थ कधीच नव्हता. गुस्ल केव्हा फर्ज होते, हैजच्या दिवसांत नमाज-रोजाचे काय, मूल बालिग केव्हा समजावे, हे सारे फिकहच्या पहिल्या धड्यांतच येते. सूरह नूरमध्ये लहान मुलांनीही दिवसाच्या तीन वेळी परवानगी मागूनच आत यावे, असा अदब सांगितला आहे. मदिन्याच्या अन्सार स्त्रियांची हजरत आयेशांनी तारीफ केली, ती लाजेमुळे त्यांचे धर्मज्ञान अडले नाही म्हणून. मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' कितीतरी घरांत मुलीला लग्नात दिले जाते, त्यातही हे मसले आहेत. मग जे मकतबात सांगता येते, ते शाळेत सभ्य भाषेत सांगण्यात गैर काय?

दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा व मासिक पाळीचा पाठ आहे. परंतु मुलगी अकराव्या-बाराव्या वर्षीच वयात येते. औषध आजारानंतर चार वर्षांनी देऊन काय उपयोग?

म्हणून पालकांनी 'नको' म्हणून मोकळे होण्याऐवजी अटी घालाव्यात, असे मला वाटते. पाचवी-सहावीत शरीराची स्वच्छता, चांगला व वाईट स्पर्श आणि 1098 हा मदतीचा क्रमांक शिकवावा. सातवी-आठवीत वयात येतानाचे बदल सांगावेत. नववी-दहावीत रोग, कायदा व जबाबदारी यांची माहिती द्यावी. मुलींना शिक्षिकेने, मुलांना शिक्षकाने शिकवावे. आणि पुस्तक आधी पालकांच्या सभेत वाचून दाखवावे, म्हणजे 2007 सारखा गोंधळ होणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो की आपल्या शरीराविषयी प्रश्न पडणे हा गुन्हा नाही. तो आई-वडिलांना किंवा शिक्षकांना विचारा. आणि पालकहो, ते विचारायला येतील तेव्हा त्यांना रागावून परत पाठवू नका. एकदा परत गेलेले मूल पुन्हा विचारायला येत नाही.